दम परत आला, हाडं अजून यायची आहेत

वाचकांचे प्रश्न : धावणं

या वेळी चार पत्रं घेते. पहिल्याला जागा जास्त लागली आहे, पण त्यात इलाज नाही. मोठ्या खंडानंतर पुन्हा धावायला लागलेल्या निम्म्या लोकांचं तेच पत्र असतं, फक्त गाव वेगळं.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं वय ४१. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या क्रॉसकंट्री संघात होते. लग्न होऊन मुरूडला आले, दोन मुलं झाली, दापोलीला पतसंस्थेत नोकरी लागली आणि धावणं सुटलं ते १८ वर्षं. यंदा धाकटी आठवीत गेली आणि जूनपासून मी पुन्हा सुरुवात केली. जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन धावायची असं ठरवलंय. पहिले तीन आठवडे जड गेले, मग लय सापडली आणि जुने दिवस परत आल्यासारखे वाटले. आता आठवड्याचे पाच दिवस मिळून ४८ किलोमीटर होतात. पहाटे पुळणीवरून कर्द्यापर्यंत जाते आणि रस्त्याने परत येते. रविवारी लांब पल्ला असतो, गेल्या रविवारी २२ झाले. पण बारा दिवस झाले, उजव्या नडगीला आतल्या बाजूने दुखतंय. आधी अंग गरम झालं की थांबायचं. आता धावणं संपल्यावरही ठणकतं, परवा तर रात्री झोपेतून जाग आली. बर्फ लावते, बाम चोळते. हातातलं घड्याळ तंदुरुस्ती वाढतेय म्हणून सांगतं. जानेवारीला चारच महिने राहिलेत, आत्ता थांबले तर सगळं पाण्यात जाईल. काय करू?
— एक वाचक, मुरूड (ता. दापोली)

उत्तर : ताई, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, कारण अंक छापून हातात पडेपर्यंत तुम्ही आणखी शंभर किलोमीटर धावला असता. फोनवर सांगितलं तेच आधी लिहिते : थांबा. कमी करू नका, थांबा. रात्री झोपेतून उठवणारं नडगीचं दुखणं अंगावर काढायचं नसतं.

फोनवर तुम्हाला एक गोष्ट करून बघायला सांगितली होती, ती सगळ्यांसाठी लिहिते. पायरीवर बसा आणि एका बोटाने नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर वर दाबत जा. चार-पाच बोटांच्या लांबीत सगळीकडे सारखंच दुखलं, तर बहुधा हाडाच्या वरच्या आवरणाला आणि तिथल्या स्नायूंना ताण बसलेला असतो. पण बोट एकाच ठिकाणी टेकलं, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, आणि तिथे जीव कळवळला, तर हाडाला बारीक चीर जायला लागली असावी असं धरून चालायचं. तुमचं बोट एकाच जागी थांबलं. म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं. आणि एक्स-रेत काही दिसलं नाही, तर तेवढ्यावर समाधान मानू नका हेही सांगितलं. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, १५ वर्षांच्या खंडानंतर मी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या सुरूबनात पुन्हा धावायला लागले. शाळेत पोरांना रोज पळवत होते, स्वतः मात्र शिट्टी घेऊन उभी राहायची. सहाव्या आठवड्यात असंच दुखायला लागलं. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. नसेचं दुखणं आहे, तेल लावा असं सांगण्यात आलं. मला तेच ऐकायचं होतं. तीन आठवडे तेल लावून धावले. मग एका सकाळी भाट्याच्या पुलावर, बरोबर मध्यावर, डावा पाय टेकवेना. खाली काजळी नदीचं पाणी ओहोटीला निघालेलं आणि मी कठड्याला धरून उभी. मासळीची पाटी घेऊन एक मावशी रिक्षातून शहराकडे निघाल्या होत्या. त्यांनी रिक्षा थांबवली, "बाय, पाय टेकू नको," म्हणाल्या, पाटी मांडीवर घेतली आणि मला शेजारी बसवलं. कोल्हापूरला एमआरआय झाला. नडगीला चीर होती. अकरा आठवडे गेले. पहिल्या दिवशी थांबले असते तर तीन गेले असते.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं तरच थांबायला मन तयार होतं. धावायला लागलं की शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. रक्तातलं पाणी पहिल्या दोन आठवड्यांतच वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लय सापडली. स्नायूंना दीड-दोन महिने लागतात. हाडं आणि स्नायूबंध मात्र महिन्यांच्या हिशेबाने चालतात. त्यातही हाडाची रीत आपल्या जांभ्याच्या गडग्यासारखी आहे. जुना गडगा भक्कम करायचा तर आधी त्यातले सैल चिरे काढावे लागतात, मग नवे बसतात. हाडही नवीन भार पडला की आधी जुना भाग पोखरून काढतं आणि नंतर तिथे नवं हाड घालतं. मधल्या आठवड्यांत गडगा नेहमीपेक्षा कमजोर असतो. नेमक्या त्याच आठवड्यांत दम साथ द्यायला लागतो, आणि कधीकाळी धावलेल्या माणसाला वाटतं, आलो परत! ज्याने जन्मात धाव घेतली नाही तो या दिवसांत आपसूक जपून असतो. तुमच्यामाझ्यासारख्यांच्या पायांना जुना वेग आठवत असतो, म्हणून धोका आपल्याला जास्त. तुमच्या घड्याळाला नाडी मोजता येते, नडगी नाही.

उजवाच पाय का, तेही तुमच्या पत्रातच आहे. मुरूडहून कर्द्याकडे निघालं की समुद्र उजव्या हाताला. पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणजे प्रत्येक पावलाला उजवा पाय खाली पडतो आणि वेगळा ताण घेतो. येताना त्याच पुळणीवरून आलात तर निदान फिट्टंफाट होईल, पण तुम्ही येता डांबरी रस्त्याने. पुढे धावायला लागाल तेव्हा जाणं-येणं दोन्ही पुळणीवरून करा, तेही ओहोटीला, ओल्या घट्ट सपाट वाळूवर. वेळ काढायला आपल्या खारव्या-भंडाऱ्यांचा हिशेब आहेच : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला समुद्र वरपर्यंत आलेला असणार आणि तुम्हाला वरची उतरती, भुसभुशीत वाळूच मिळणार. त्या दिवशी पुळणीचा नाद सोडून वाडीतल्या मातीच्या वाटेने जा. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमाराला, म्हणजे पहाटे पाचला पूर्ण ओहोटी. तो दिवस आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस पहाटेच्या धावण्याला सर्वात चांगले. मी अजूनही लांब पल्ला कॅलेंडरमधली तिथी बघूनच ठरवते, मग तो रविवार असो नाहीतर बुधवार.

आता जानेवारीचं. तुम्हाला वाईट वाटेल, तरी स्पष्ट लिहिते. या जानेवारीत पूर्ण मॅरेथॉन नाही. चीर निघाली तर सहा ते आठ आठवडे धावणं बंद, आणि चीर नडगीच्या पुढच्या कडेला असली तर त्याहूनही जास्त. नुसती आवरणाची सूज निघाली तरी दोन-तीन आठवडे जातील. त्यानंतर उरलेल्या दिवसांत ३० किलोमीटरपर्यंत पोचायचं म्हणजे परत तीच चूक आणखी घाईने करायची. साडेतीन महिन्यांत शून्यावरून ४८ किलोमीटरवर गेलात हेच मूळ दुखणं आहे. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत धावा. मी चीर भरल्यावर पावणेदोन वर्षं घेतली आणि २०१२ला मुंबईत धावले. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागला तेव्हा आजूबाजूचे लोक चालत होते आणि मी हळूहळू का होईना, धावत होते. ती पावणेदोन वर्षं त्या चढावर कामाला आली.

मधल्या दिवसांत रिकामं बसायला मी सांगत नाही. दुखत नसेल तर सायकल चालवा, पोहता येत असेल तर पोहा. चालताना अजिबात दुखेनासं झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, आधी दोन्ही पायांनी, मग एकेका पायाने, पंधरा-पंधराचे तीन फेरे. पोटरी जितकी दणकट तितका नडगीवरचा भार कमी. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. दर आठवड्याला दहा टक्के वाढवा असं सगळीकडे सांगतात. खंडानंतर परतलेल्यांसाठी मला ते पुरेसं वाटत नाही. तीन आठवडे थोडंथोडं वाढवा आणि चौथ्या आठवड्यात सरळ एक तृतीयांश कमी करा, म्हणजे गडग्याला चिरे बसवायला सवड मिळते. आणि वेग? धावता धावता तेराचा पाढा न अडखळता म्हणता आला पाहिजे. तेरा साते ब्याण्णवपाशी धाप लागली तर वेग जास्त आहे, ब्याण्णव चुकीचं आहे हेही लक्षात आलं नाही तर फारच जास्त! कॉलेजातल्या वेळांची वही कपाटात वर ठेवून द्या.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत पण मी फोनवर विचारलं. पाळी अनियमित झाली आहे का? जेवण कमी केलंय का? तुम्ही रात्रीचा भात बंद केलाय हे कळलं. तो आधी सुरू करा. धावण्याला लागेल तेवढं अन्न मिळालं नाही की शरीर हाडांच्या वाट्याचं काढून घेतं. पाळी चुकायला लागणं ही त्याची पहिली खूण, चाळिशी आली म्हणून तिच्याकडे काणाडोळा करू नये. पहाटे निघण्याआधी वाटीभर उकड्या तांदळाची पेज मिठाचा खडा घालून घ्या. नाचणी आपली घरचीच आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, भाकरी करा नाहीतर आंबील. सुकट खात असाल तर उत्तम, ती अख्खीच पोटात जाते. रक्त तपासाल तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्या. उन्हाच्या प्रदेशात राहतो म्हणून ड जीवनसत्त्व पुरेसं असेलच असं नाही. आपण उन्हात असतो तेव्हा डोक्यावर छत्री नाहीतर पदर असतो.

प्रश्न : वय ४६, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. वर्षभर धावतेय, अर्धी मॅरेथॉन झाली, आता पूर्ण करायची आहे. पण पाच-सहा किलोमीटरनंतर थोडी लघवी होते. त्या भीतीने पाणीच पीत नाही. सासूबाई म्हणतात, बायकांनी एवढं धावलं तर पिशवी खाली येते, पुरे झालं आता. कोणाला विचारायची लाज वाटते.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : विचारलंत ते फार बरं केलंत. तुमच्यासारख्या कितीतरी जणी काळी पँट घालून गप्प धावत असतात. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, ती बाळंतपणात ताणली जाते. धावताना प्रत्येक पावलाला वरचा भार तिच्यावर आदळतो आणि ती सैल असली की गळती होते. इतर स्नायूंसारखीच ती कमावता येते. लघवी मध्येच अडवताना जे आवळतो, ते वर ओढून घ्यायचं, आठ-दहा सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. हे प्रत्यक्ष लघवी करताना करून बघू नका, ती फक्त जागा ओळखण्याची खूण आहे. तीन महिने नेमाने करा. त्यातली तज्ज्ञ फिजिओथेरपिस्ट मिळाली तर एकदा तरी दाखवा, कारण बऱ्याच जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात आणि उलटंच होतं. खाली काहीतरी जड लोंबल्यासारखं वाटत असेल, तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, धावणं त्यानंतर. पाणी तोडू नका. घट्ट लघवीने मूत्राशयाला जास्तच टोचणी लागते.

सासूबाईंचा राग धरू नका. त्यांच्या पिढीला हे शहाण्यासुरत्या माणसांनीच सांगितलं होतं. १९२८च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली, त्यांना हे झेपत नाही म्हणून नंतर ती बंदच करून टाकली, ती १९६०ला परत आली. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकला पहिल्यांदा झाली १९८४ला. मी तेव्हा बारावीत होते. त्याआधी आमच्यापुढे तसं उदाहरणच नव्हतं. सासूबाईंना एकदा पुळणीवर सोबत न्या, तुम्ही धावा, त्या सुरूखाली बसतील. माझ्या सासूबाई बसायच्या. पुढे त्याच मला वेळ सांगायला लागल्या.

प्रश्न : देवगडला राहतो, वय ३५. ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन तास धावलो, तहान नसतानाही सांगितल्याप्रमाणे पाणी पीत राहिलो, एकूण पाच लिटर झालं असेल. घरी आल्यावर डोकं दुखलं, मळमळ झाली, बोटातली अंगठी रुतली. पाणी कमी पडलं का?

उत्तर : कमी नाही, फार जास्त झालं. घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. अंगठी रुतणं, डोकं दुखणं, मळमळणं ही त्याचीच लक्षणं. अशा वेळी आणखी पाणी पिऊ नये, आणि माणूस बरळायला लागला तर तडक रुग्णालय गाठावं, कारण याने जीवही जातो.

आपल्या किनाऱ्यावर घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे पाणी पिऊन गारवा येईल ही अपेक्षा सोडा, वेग कमी करा. स्वतःचा घाम किती ते एकदा मोजा. तास-दीड तास धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा. ऑक्टोबरात दीड तासात माझं वजन १.४ किलो उतरतं, ३०० मिलिलिटर प्यायलेली असते, म्हणजे घाम १.७ लिटर. हाच आकडा जानेवारीत बराच खाली येतो. सगळाच्या सगळा घाम परत भरायचा नसतो, तहान लागेल तसं प्या. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर प्रमाण चुकलं. लांब पल्ल्याला मी अमृत कोकमाचं सरबत मीठ घालून नेते. त्यात साखर आणि मीठ दोन्ही मिळतं. नुसत्या आगळात मीठ भरपूर पण साखर नाही, आणि तीन तासांच्या धावेला तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट लागतंच. एका केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम मिळतं.

प्रश्न : मी नववीत आहे. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरच का? आणि मी धावू शकतो का?
— एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर : बाळा, १८९६ला अथेन्सला पहिली मॅरेथॉन झाली ती ४० किलोमीटरच्या आसपास होती. १९०८ला लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपवली, ते अंतर भरलं ४२.१९५. १९२१ला तेच कायम केलं. त्याच्या आदल्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये अंतर ४२.७५० होतं, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. तिथे बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले आणि एकोणिसावे आले. शाळेत हे नाव मोठ्याने सांग, फार थोड्यांना माहीत आहे.

मॅरेथॉन इतक्यात नको, तुझी हाडं अजून वाढतायत. तीन किलोमीटर धाव. गुहागरची पुळण लांबलचक आणि सरळ आहे, ओहोटीला दीड किलोमीटर जा आणि दीड परत ये. तिथी, भरतीची वेळ आणि तुला लागलेली मिनिटं वहीत लिही. दोन महिन्यांनी ती वही मला पाठव.